रेशनचा तांदूळ आणि ओलाव्याचं गणित

कर्जत-खालापूर म्हणजे भाताचा मुलूख. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माथेरानच्या भाई कोतवालांनी इथल्या शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी धान्यकोठी काढली होती. २ जानेवारी १९४३ ला ते सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्याच वर्षी २ मे रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झालं, कारण १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद पडला.

आता जरा विचार करा. खुल्या बाजारात तांदूळ खराब वाटला तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. म्हणजे गिऱ्हाईक हाच तपासनीस! त्या काळच्या रेशनमध्ये दुकान ठरलेलं असायचं, माप ठरलेलं असायचं. नाही म्हणायची सोयच नव्हती. म्हणून माझ्या मते टंचाईत तपासणी ढिली करून चालत नाही, उलट ती जास्त कडक लागते.

पण तपासायचं काय? नुसतं वजन पुरत नाही. गणित बघा. १४ टक्के ओलाव्याच्या १०० किलो तांदळात कोरडा भाग ८६ किलो. त्याचा ओलावा १८ टक्के झाला तर वजन होतं ८६ भागिले ०.८२, म्हणजे जवळजवळ १०५ किलो. काटा बरोबर, पण ५ किलो पाणी तांदळाच्या भावात गेलं!

आणि नुकसान फक्त पैशाचं नाही. ओल्या धान्याला बुरशी लागते. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं. युद्धकाळात ते कुणाला ठाऊकच नव्हतं. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले, त्यानंतर त्याचा शोध लागला. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. घरात दुसरं धान्य नसलं की माणूस तेच खातो.

कायदे झाले. मुंबई प्रांताचा १९२५ चा, मग देशाचा १९५४ चा आणि आता २००६ चा. पण कायद्याला हातात मोजमाप लागतं आणि ते आपलं काम आहे. दळलेल्या तांदळाचा नमुना तोलायचा, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. घटलेलं वजन म्हणजे ओलावा. हेच काम रेशन दुकानात मिनिटभरात करणारं स्वस्त यंत्र बनवणं, हा फायनल इयरसाठी चांगला प्रोजेक्ट नाही का? आपल्या भागात पावसाळा चार महिने असतो. गिऱ्हाईक कमी नाहीत!