वाशिष्ठीची खाडी

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावणाऱ्या कोकणातील नद्या लांबीने लहान असतात. वाशिष्ठी ही त्यांपैकीच एक. तिचा प्रवास १०० किलोमीटरही भरत नाही. परंतु एवढ्या अल्प वाटेत ती किती रूपे धारण करते! चिपळूणच्या पूर्वेकडील डोंगरातून ती कातळांवर आदळत, खळाळत उतरते. सपाटीवर येताच तिची गती मंदावते. पुढे खेडकडून आलेल्या जगबुडीला पोटात घेऊन ती दाभोळपाशी विस्तीर्ण पात्राने अरबी समुद्रास मिळते. मुखाच्या उत्तर तीरावर दाभोळ हे प्राचीन बंदर आहे, तर दक्षिण तीरावर अंजनवेलचा गोपाळगड उभा आहे.

या नदीत दुसऱ्या एका नदीचेही पाणी येते. कोयना ही सह्याद्रीच्या पूर्वेस वाहणारी नदी. तिचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरास जाते. परंतु १९६२ सालापासून त्यातील बरेचसे पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून पोफळीस उतरविले जाते व त्यावर वीज निर्माण होते. तेच पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते.

चिपळूणच्या खाली नदीची खाडी होते. भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणी आत शिरते, ओहोटीच्या वेळी ते मागे सरते. खारे व गोडे पाणी जेथे एकमेकांत मिसळते, तेथे काठाने खारफुटीची झाडे वाढतात. त्यांच्या मुळांच्या जाळीत कोळंबीची व माशांची पिल्ले आसरा घेतात. चिखलाच्या काठावर मगरी उन्हात पहुडलेल्या दिसतात.

या खाडीवर भोई, खारवी इत्यादी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली उपजीविका केली. त्यांचे घड्याळ म्हणजे चंद्र! भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्येला व पौर्णिमेला पाण्याला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार कमी असतो, त्यास 'भांग' म्हणतात. कोणत्या तिथीस होडी केव्हा लोटावी, हे मुले वडिलांच्या शेजारी बसून शिकतात. उथळ पाण्यात शिशाच्या मण्यांचा गोल पाग हात फिरवून फेकतात व त्यात बोय मासा धरतात. ओहोटी लागली, की स्त्रिया खडकांवरची कालवे काढतात. पहिल्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत चढतात. त्यांस 'चढणीचे मासे' म्हणतात. हे मासे सरसकट मारले, तर पुढील वर्षी जाळ्यात काय येणार?

परंतु खाडीवर आज याहून मोठे संकट आहे. लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी खाडीत येऊन मासे मरतात, अशी तक्रार भोई बांधव अनेक वर्षे करीत आले आहेत. कारखान्यांनी अनेकांना काम दिले, हे खरे. तथापि घाण पाण्यात सोडली म्हणजे समुद्र ती वाहून नेईल, हा समज खाडीच्या बाबतीत खोटा ठरतो. ओहोटीने बाहेर गेलेले पाणी पुरते दूर जाण्यापूर्वीच भरती त्यातील बरेचसे परत आत आणते. वाहती नदी घाण पुढे ढकलते. खाडी ती पुनःपुन्हा काठच्या माणसांच्या दारी आणून ठेवते.

म्हणून सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे, खारफुटी न तोडणे आणि पिल्लांस वाढू देणे, एवढी तरी काळजी घेतलीच पाहिजे. खाडीचा मासा विकत आणणाऱ्यास एका दिवसाचे जेवण मिळते. तो धरणाऱ्याचा मात्र सारा संसार त्यावर उभा असतो.

स्वाध्याय

१. कोयनेचे पाणी वाशिष्ठीत कसे येते?
२. 'त्यांचे घड्याळ म्हणजे चंद्र' असे का म्हटले आहे?
३. नदीत सोडलेली घाण व खाडीत सोडलेली घाण यांत कोणता फरक आहे, ते स्पष्ट करा.