माशाचा जबडा : तिसऱ्या प्रकारची तरफ

कराडच्या प्रीतिसंगमापासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी चावऱ्या माशाचा विषय निघाला की मरळचं नाव येतंच. गळ काढताना तिच्या तोंडात बोट घालू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण मित्रांनो, या चाव्यामागचं गणित आपल्या पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्येच आहे!

खालचा जबडा म्हणजे तिसऱ्या प्रकारची तरफ. सांधा हा टेकू, दाताशी भार आणि स्नायूचं बल या दोन्हींच्या मध्ये. समजा, स्नायूचं बल १०० न्यूटन, त्याचं सांध्यापासून लंबांतर २ सेंमी आणि पुढच्या दाताचं ५ सेंमी. मोमेंट घेतले की दाताशी मिळतात फक्त ४० न्यूटन. तोटाच की! पण त्या बदल्यात जबड्याचं टोक अडीच पट वेगाने मिटतं. निसटत्या भक्ष्यासाठी हा वेगच कामाचा. शिवाय दाताचं टोक ०.१ चौरस मिमी धरलं, तर पहिल्या क्षणी दाब येतो ४०० मेगापास्कल. माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेस साधारण २५० असते, आता बोटाचा विचार करा!

मरळ भक्ष्य दातांनी पकडते आणि बहुधा अख्खं गिळते. अॅमेझॉन खोऱ्यातला पिरान्हा मात्र लचका तोडतो. ब्लॅक पिरान्हाच्या चाव्याची मोजणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वाधिक आकडा होता ३२० न्यूटन, म्हणजे माशाच्या वजनाच्या सुमारे तीसपट. यामागे दोन कारणं : जबडा मिटणारे भलेमोठे स्नायू आणि आखूड जबडा. लंबांतर कमी, म्हणून बलाचा तोटा कमी.

बाजारात मिळणारा रूपचंद याच पिरान्हाचा भाऊबंद, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पण त्याचे दात चपटे, फळं-बिया फोडायला बनलेले. त्यामुळे कुणी 'नदीत पिरान्हा सापडला' म्हणालं, तर आधी दात बघा. त्रिकोणी पात्यासारखे की दाढेसारखे?

तरीही रूपचंद नदीत जाणं बरं नव्हे. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले. तळ्याचे बांध बुडाले की पाळलेले परके मासे थेट कृष्णेत जाऊ शकतात आणि अन्नासाठी इथल्या माशांशी स्पर्धा करू शकतात. म्हणून तळ्याला उंच बांध आणि जाळी हवीच. आणि हॉस्टेलच्या टाकीतला मासा कंटाळा आला म्हणून नदीत सोडू नका, एवढं तरी आपल्या हातात आहे.