स्वादुपिंडाचे कार्य व मधुमेही जनांविषयी मंडळीचे कर्तव्य

पाठ : योहान ९ : १-७

जन्मांध मनुष्यास पाहताच शिष्यांच्या मनात हे कोणाच्या पापाचे फळ, हा प्रश्न आला. प्रभूने त्या मनुष्यासही दोष दिला नाही व त्याच्या आईबापांसही दिला नाही. आपल्या मंडळ्यांत कोणास रोग जडला म्हणजे तोच प्रश्न अद्यापि उठतो. यास्तव आज मधुमेहाचा विचार करू.

ईश्वराने आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा ठेविल्या आहेत की त्यांस लाळेच्या ग्रंथींप्रमाणे नळी नाही. त्या आपला रस थेट रक्तात सोडतात. ह्या रसास संप्रेरक म्हणतात. तो रक्ताबरोबर दूरच्या अवयवांपर्यंत जाऊन त्यांस त्यांचे काम सांगतो. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले तर मनुष्य सुस्त होतो, आणि घरचे त्यास आळशी म्हणतात. जठरामागील स्वादुपिंड दोन कामे करते. पाचक रस ते नळीने आतड्यात सोडते, व इन्सुलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते.

इन्सुलिनाचे काम बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यास सहज समजेल. नीरा डाव्या कालव्याचे पाणी पाटाने शेताच्या बांधापर्यंत आले, तरी दारे धरणारा गडी नसेल तर उसाच्या सऱ्या कोरड्याच राहतात. त्याचप्रमाणे भाकरीपासून झालेली साखर रक्तात वाहते, व इन्सुलिन तिला स्नायूंत शिरू देते. ते नसले म्हणजे रक्तात साखर तुंबते आणि शरीर उपाशी राहते. मग ती साखर पाणी ओढून लघवीवाटे जाते. म्हणून तहान फार लागते, वरचेवर लघवी होते, व खाऊनही मनुष्य रोडावतो.

ह्या रोगाचे मुख्य प्रकार दोन. पहिला बहुधा मुलांस व तरुणांस होतो. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करिते. ह्यात गोड खाण्याचा दोष नाही. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण नीट लागू पडत नाही व पुढे कमीही पडते. हा लठ्ठ लोकांसच होतो असे समजू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत माता व बालके ह्यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडातील साउथॅम्पटन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो. परंतु आपल्या बालकांच्या अंगी मांस फार कमी असले तरी चरबी त्या मानाने कमी नव्हती. सबब किरकोळ अंगाच्या मनुष्यानेही रक्त तपासून घ्यावे.

१९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट ह्यांनी स्वादुपिंडापासून हे औषध काढिले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन ह्या मरणोन्मुख १४ वर्षांच्या मुलास ते टोचण्यात आले, व तो १९३५ पर्यंत जगला. त्यापूर्वी पहिल्या प्रकारचा रोग म्हणजे मुलांस मृत्यूच होता.

आजही अशा मुलाचे इन्सुलिन नवसासाठी, झाडपाल्याच्या भरवशावर, लग्न जुळणार नाही ह्या भीतीने, अथवा प्रार्थनेने बरे झालास असे कोणी सांगितल्यावरून बंद केले, तर रक्तात आम्ल वाढते, ओकाऱ्या होतात, श्वास खोल व जलद चालतो, शुद्ध हरपते, आणि थोड्याच दिवसांत जीव जातो. ह्यास विश्वास म्हणू नये. प्रभूने त्या आंधळ्यास दृष्टी देताना चिखल व पाणी ही साधने तुच्छ मानिली नाहीत. प्रार्थना अवश्य करावी, व सुईही वेळेवर द्यावी.

उलटपक्षी, सुई घेऊन जेवण चुकले तर साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, अंग कापते, बोलणे भ्रमिष्टासारखे होते. रोगी शुद्धीवर असल्यास त्यास तत्काळ साखर द्यावी. शुद्ध गेली असल्यास तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे. यास्तव मंडळीच्या उपासाच्या दिवशी अशा बंधुभगिनींस आग्रह करू नये.

चर्चेसाठी प्रश्न :

१. रोग्यास दोष दिल्याने तो आपला रोग मंडळीपासून का लपवितो?

२. आपल्या मंडळीत सुईवाचून कोणाची अडचण होत आहे काय? तिचा भार कोण उचलील?