टेन्शन नाही म्हणणाऱ्यांसाठी

“डॉक्टर, टेन्शन वगैरे काही नाही,” हे वाक्य दवाखान्यात रोज कानावर पडतं. तळोजा एमआयडीसीतले एक सुपरवायझर परवा हेच म्हणाले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बीपी निघालं 150/96. बोलताना जबडा आवळलेला, खांदे वर चढलेले, अंगठा सतत मोबाइलवर. मोबाइल टेबलावर उपडा ठेवायला लावला, पाच मिनिटं गप्प बसवलं आणि पुन्हा मोजलं. 138/88. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं हा नियमच आहे, तो घाईत आपण सगळेच मोडतो. एवढ्यावरून बीपी आहे की नाही ते ठरत नाही, म्हणून आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणायला सांगितलं. पण उठताना ते गालावर हात ठेवून म्हणाले, “इथं दुखतंय हो.” दिवसभर दात आवळून धरल्याचं त्यांना तेव्हा कुठं जाणवलं.

स्वतःकडे लक्ष द्यायचं म्हणजे सुरुवात इथून करायची, शरीरापासून. त्यासाठी घरी परतण्याचा प्रवास पुरतो. सीएसएमटीहून पनवेलला यायला लोकलने सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो. तो सगळा वेळ मी मागत नाही. खारघर गेलं की मोबाइल खिशात टाका. मानसरोवर, खांदेश्वर करत गाडी पनवेलला पोचेपर्यंत स्वतःला विचारा: अंग कुठे आखडलंय? आत्ता नेमकं काय वाटतंय? राग, अपमान, भीती, की नुसती झोप राहिली आहे? कशावरून सुरू झालं? “माझ्याच वाट्याला हे का?” हा प्रश्न मात्र टाळा. त्यातून उत्तर निघत नाही, मन तेच ते उगाळत बसतं.

भावनेला अचूक नाव दिलं की तिचा जोर कमी होतो. संशोधक मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने 2007 मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये हे पाहिलं: चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगताना मेंदूतल्या ॲमिग्डाला या धोक्याची दखल घेणाऱ्या भागाची सक्रियता कमी होते. नाइट शिफ्टनंतर हेल्परवर ओरडलेल्या माणसाला ‘मी चिडलो नव्हतो, मला झोप नव्हती’ हे कळलं, तर दुसऱ्या दिवशी तो त्याच्याशी धड बोलू शकतो. कामावरची बरीच भांडणं मला अशीच अपुऱ्या झोपेची वाटतात.

स्वतःकडे पाहून झालं, आता इतरांकडे: कृतज्ञता. आपल्याकडे उपकाराची जाण असते, पण ती तोंडाने बोलून दाखवताना जीभ अडखळते. ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकून भागत नाही. नेमकं बोला: “काल रात्री पंपाचं सील गळतंय हे तुम्ही वेळेत पाहिलंत, म्हणून सकाळची बॅच वाचली.” ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो यांच्या 2010 च्या अभ्यासात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांपैकी काहींना वरिष्ठांनी स्वतः येऊन मनापासून धन्यवाद दिले. पुढच्या आठवड्यात त्यांचे फोन निम्म्याहून अधिक वाढले. आपलं काम कुणाच्या उपयोगी पडतंय हे त्यांना कळलं होतं. घरीही हेच करा. पहाटे उठून डबा करणाऱ्या माणसाला आजची भाजी चांगली झाली होती हे सांगायला किती वेळ लागतो?

ज्या गोष्टींबद्दल कृतज्ञ वाटतं त्या वहीत लिहायच्या असतील तर आठवड्यातून एकदा पुरे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांच्या 2003 च्या प्रयोगात आठवड्यातून एकदाच लिहिणारेही आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. रोजची सक्ती केली की तो गृहपाठ होतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ओव्हरटाइमचे पैसे बुडत असतील, सुरक्षेची साधनं मिळत नसतील, वरिष्ठ अपमान करत असतील, तर तिथं कृतज्ञ राहण्याचा सल्ला मी कधीच देणार नाही. तिथला राग बरोबर आहे, तो लेखी तक्रारीत उतरू द्या. आणि वही हे औषध नव्हे. अनेक अभ्यासांच्या 2021 मधल्या एकत्रित आढाव्यात नैराश्य आणि चिंतेवर अशा लिखाणाचा परिणाम अगदी थोडाच आढळला.

म्हणून दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, आजच घरच्यांना सांगा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.