एकांत आणि एकाकीपण

कुरुक्षेत्रावर अर्जुनाभोवती माणसांची उणीव नव्हती. समोर पितामह व आचार्य, पाठीशी बंधू व पुत्र; तरीही दोन्ही सैन्यांच्या मध्यभागी उभ्या असलेल्या त्या वीरासारखा एकटा त्या क्षणी दुसरा कोणी नव्हता. यावरून हे स्पष्ट होते की, एकाकीपण म्हणजे माणसांचा अभाव नव्हे. ज्याच्यापाशी हृदय मोकळे करावे अशा सुहृदाचा अभाव होय.

आज हे दुःख अनेक घरांत शिरले आहे. मुले नोकरीनिमित्त दूरदेशी जातात. मागे राहिलेल्या वृद्ध दांपत्यापैकी एकाने देह ठेवला की, दुसऱ्याचा दिवस सरता सरत नाही. नव्या शहरी संसार थाटणाऱ्या तरुणांचीही गत फारशी निराळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणाची बाधा आहे आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आढळतो. तेव्हा हा केवळ मनाचा दुबळेपणा आहे असे म्हणून चालणार नाही.

येथे कोणी शंका घेईल की, गीतेच्या तेराव्या अध्यायात तर एकांतवास व जनसमूहाविषयी अनासक्ती ही ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. मग माणसे जोडण्याचा उपदेश कशासाठी? याचे उत्तर गीतेतच आहे. तिसऱ्या अध्यायात परस्परांचे पोषण केल्यानेच कल्याण होते असे सांगितले आहे, आणि दहाव्यात भक्त एकमेकांना बोध करीत आनंदात रमतात असे वर्णन आहे. तात्पर्य, एकांत आपण स्वीकारतो व तो भरलेला असतो; एकाकीपण आपल्यावर येऊन पडते व ते रिकामे असते.

दोन कारागृहांचे उदाहरण घ्या. मंडालेच्या बंदिवासात लोकमान्य टिळकांनी १९१०–११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले. त्याच बंदिवासात असता १९१२ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. अंत्यदर्शनही घडले नाही. तो एकांत किती कठोर होता! पण चिंतनाने तो भरला होता. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंद्यांसमोर अठरा रविवारी गीतेचे अठरा अध्याय उलगडले व साने गुरुजींनी ते लिहून घेतले. घरादारास अंतरलेली माणसे एका नेमलेल्या वारी एकत्र बसली, आणि तुरुंगातच सत्संग उभा राहिला.

गृहस्थाने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, अर्जुनाप्रमाणे आपण होऊन बोलावे. दुःख गिळून बसणे म्हणजे धैर्य नव्हे. दुसरी, भेटीचा वार ठरवावा. “कधीतरी या” या निमंत्रणाने कोणी येत नाही. तिसरी, काही मागण्यासाठी नव्हे, देण्यासाठी जावे. शेजारच्या मुलाचा अभ्यास घ्यावा, आजाऱ्याचे औषध आणून द्यावे. परप्रांती असाल तर आपल्याच भाषेचा माणूस भेटण्याची वाट पाहू नये. सेवेला दुभाषा लागत नाही.

काही दारे उघडणार नाहीत, हेही खरे. परंतु फलाशा सोडून कर्म करावे हा नियम स्नेहालाही लागू आहे. मी चार वेळा गेलो, तो एकदाही आला नाही, असा जमाखर्च मांडला की मैत्रीचा व्यापार होतो. बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताच्या लक्षणांत अद्वेषानंतर लगेच मैत्री व करुणा येतात; परतफेडीची अट तेथे नाही.

या सप्ताहाचा नेम एवढाच: “मला कोणी विचारीत नाही” असे मनात येईल तेव्हा “आज मी कोणाची विचारपूस केली?” असे स्वतःस विचारावे; आणि उत्तर मिळाले नाही, तर पायांत वहाणा घालून सर्वांत जवळचे दार ठोठवावे. कदाचित त्या दारामागेही कोणी आपलीच वाट पाहत बसले असेल.