साधूचे पंधरा दिवस

गूळ खाणाऱ्या मुलाची आणि साधूची गोष्ट तुम्ही ऐकली नसेल, असे मला वाटत नाही. एक आई आपल्या मुलाला साधूकडे घेऊन येते आणि म्हणते, ‘महाराज, हा फार गूळ खातो. याला काही सांगा.’ साधू तिला पंधरा दिवसांनी यावयास सांगतो. ती पुन्हा येते, तेव्हा तो मुलाला एवढेच म्हणतो, ‘बाळ, गूळ खाणे सोड.’ आई विचारते, ‘इतकेच सांगायचे होते, तर त्याच दिवशी का नाही सांगितले?’ साधू उत्तर देतो, ‘माई, त्या दिवशी मी स्वतःच गूळ खात होतो.’

मुख्याध्यापक असताना प्रार्थनेनंतर ही गोष्ट मी अनेकदा सांगितली. उक्ती आणि कृती यांत अंतर नसावे, हे तिचे तात्पर्य. ते सांगून मी मोकळा होत असे. वीसएक वर्षांपूर्वी एके दिवशी मात्र सातवीच्या रांगेतून एक किरकोळ अंगाचा मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, त्या पंधरा दिवसांत साधूने केले काय?’

सारी मुले हसली. मलाही हसू आले. मी म्हणालो, ‘केले काय म्हणजे? गूळ सोडण्याचा निश्चय केला.’

‘निश्चय तर पहिल्याच दिवशी झाला असेल, सर. मग उरलेले चौदा दिवस?’

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो.

मधल्या सुट्टीत तोच मुलगा हजेरीपट घेऊन माझ्या खोलीत आला. शिपाईमामांनी नुकताच चहा आणून ठेवला होता आणि मी साखरेच्या डब्यात तिसऱ्यांदा चमचा बुडवीत होतो. मुलाने त्या चमच्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहण्याचे टाळले. सकाळचा प्रश्न त्याने खोडसाळपणाने विचारला असावा, असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला. त्याच्या वडिलांना मधुमेह होता. डॉक्टरांनी गोड पदार्थ वर्ज्य करण्यास सांगितले होते. परंतु घरात पेढे आले की ते कोणाच्या नकळत खात आणि मागाहून स्वतःवरच चिडत. ‘सर, बाबा रोज सकाळी निश्चय करतात,’ तो म्हणाला. ‘तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून विचारले.’

हजेरीपट ठेवून तो गेला. चहा निवून गेला होता, तरी मी तो प्यालो. साखर घातलेला चहा टाकून देणे माझ्या हातून होण्यासारखे नव्हते.

त्यालाही कारण होते. माझे बालपण ज्या काळात गेले, त्या काळी साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळे. आई साखरेचा डबा फडताळात कुलूप लावून ठेवी आणि पाहुणे आले म्हणजेच ते फडताळ उघडे. आम्हां भावंडांना गुळाचा चहा. पाहुण्यांच्या कपाच्या तळाशी उरलेली साखर बोटाने चाटताना मी मनाशी ठरविले होते, की स्वतः मिळवता झालो म्हणजे चहात तीन चमचे साखर घालीन. आणि तेही शिगेने भरलेले! बालपणीचे पुष्कळ संकल्प विरून गेले. हा एक मात्र मी निष्ठेने पाळला होता.

त्या रात्री मी हिशेब मांडला. दिवसाला पाच कप चहा, दर कपाला तीन चमचे, म्हणजे पंधरा चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर रोजची ७५ ग्रॅम साखर. महिन्याला सव्वादोन किलो. यात पेढे, बिस्किटे, शिरा यांची गणती नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे २०१५ साली जी मर्यादा सांगितली, ती साधारण प्रौढ माणसासाठी दिवसाला ५० ग्रॅम येते. त्यातही २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले. माझ्या एकट्या चहाने ती मर्यादा केव्हाच ओलांडली होती. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे पाच कप चहा पितो? खरे आहे. पण गोड शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमहून थोडी अधिकच साखर असते. ती थंड असते, तिला बुडबुडे येतात, म्हणून तिच्यातील सहा चमचे कोणाला दिसत नाहीत, इतकेच.

दुसऱ्या दिवसापासून मी साखर एकदम सोडली. बिनसाखरेचा चहा काढ्यासारखा लागला. चार वाजले की जीव कासावीस होई. तिसऱ्या दिवशी एका क्षुल्लक चुकीवरून मी कार्यालयातील लेखनिकांवर असा तडकलो, की ते बिचारे पाहतच राहिले. चौथ्या दिवशी शेजारी बारसे होते. आग्रहाने एक जिलबी पानात पडली, ती खाल्ली. आणि मग मन म्हणाले, आता नेम मोडलाच आहे, तर आणखी चारांनी काय होणार? त्या दिवशी मी एकूण सात जिलब्या खाल्ल्या. पहिली जिलबी जिभेने मागितली होती. उरलेल्या सहा, नेम मोडल्याच्या वैतागाने खाल्ल्या. त्या मुलाचे वडील स्वतःवर का चिडत, हे मला त्या दिवशी नीट कळले.

मग मी एक वही घातली. गोड खावेसे वाटले, की वेळ, जागा आणि मनाची स्थिती लिहायची. खाल्ले की नाही, तेही लिहायचे. आठ दिवसांनी ती वही वाचली, तेव्हा मोठी मौज वाटली. मला वाटत होते, की मला दिवसभर गोड हवे असते. वही सांगत होती, की ती ओढ ठरावीक वेळांनाच येते: दुपारी चारच्या घंटेला, रात्री जेवणानंतर, आणि ज्या दिवशी घाईघाईत अर्धपोटी शाळेत आलो त्या दिवशी अकरा वाजता. ही अकराची ओढ तर गोडाची नव्हतीच. ती निव्वळ भूक होती. भाकरी, उसळ आणि ताक असे पोटभर जेवून निघालो, की ती येत नसे. चारच्या ओढीसाठी मी खिशात मूठभर फुटाणे ठेवू लागलो आणि घंटा झाली, की पेलाभर पाणी पिऊन शाळेच्या आवारातील झाडे पाहावयास निघू लागलो. ओढ ही लाटेसारखी असते. ती चढते तेव्हा वाटते, आता ही ओसरणारच नाही. परंतु पंधरा-वीस मिनिटे दुसऱ्या कामात घालविली, की ती आपोआप खाली येते. आमच्या शाळेतील झाडांची निगा त्या वर्षी जितकी राखली गेली, तितकी पुन्हा कधी राखली गेली नाही.

साखरेचा डबाही मी मेजावरून हलविला. कपाटात, वरच्या फळीवर. आईचे ते कुलूप लहानपणी मला कंजूषपणाचे वाटले होते.

याच दिवसांत साखरेविषयी जे मिळेल ते मी वाचू लागलो. भाषेचा शिक्षक असल्यामुळे पहिली धाव अर्थातच शब्दकोशाकडे. ‘साखर’ हा शब्द संस्कृत ‘शर्करा’पासून आला, हे तुम्हांला ठाऊक असेल, पण शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, रेती. उसाच्या रसाचे असे खडे बनविण्याची कला प्रथम आपल्या देशात साधली आणि वस्तूबरोबर तिचे नावही प्रवासाला निघाले. फारसीत ते ‘शकर’ झाले, अरबीत ‘सुक्कर’, इंग्रजीत ‘शुगर’. ‘खंड’ या शब्दानेही असाच प्रवास केला. इंग्रजीतील ‘कँडी’ हे त्याचेच दूरचे नातवंड. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात शिकंदराबरोबर आलेला त्याचा नौदलप्रमुख निआर्कस याने, मधमाश्यांवाचून मध देणारा बोरू हिंदुस्थानात आहे, असे नमूद केल्याचे प्राचीन ग्रीक भूगोलकार सांगतात. तो बोरू म्हणजे आपला ऊस.

शर्करा म्हणजे रेती, हा अर्थ मला एकदा जिभेवरही अनुभवता आला. आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी रानातून एका वेलीची पाने आणली. तिला गुडमार किंवा मधुनाशिनी म्हणतात. पान चावून चोथा थुंकून टाकला आणि चिमूटभर साखर तोंडात घातली, तर काय आश्चर्य! गोडी कोठेच नाही. नुसती वाळू दातांखाली करकरत होती. गोडाची चव ओळखणारी जी केंद्रे जिभेवर असतात, त्यांना त्या पानातील द्रव्य काही काळ झाकून टाकते. (तुम्ही मात्र अनोळखी पाला तोंडात घालू नका, जाणत्या माणसाने ओळखून दिलेले पान निराळे आणि रानातून स्वतः तोडलेले निराळे.) मला वाटले, औषध सापडले! पण तासाभरातच जीभ ताळ्यावर आली आणि मनात पहिला विचार आला तो चहाचा. गोडी जिभेवरून पुसता येते, ओढ मात्र जिभेच्याही मागे कोठेतरी राहते.

ती कोठे राहते, हे शास्त्रज्ञांनी बरेचसे शोधून काढले आहे. तान्ह्या बाळालाही गोड रुचते. आईचे दूधच गोड असते. आपले आदिपूर्वज रानात फळे हुडकीत हिंडत, तेव्हा पिकलेले गोड फळ म्हणजे अंगात शक्ती येण्याची खात्री, आणि कडू म्हणजे विषाची शंका. गोड सापडले की मेंदूत एक सुखद संवेदना उठते आणि ‘ही जागा लक्षात ठेव’ अशी जणू नोंद होते. त्या काळी गोड क्वचितच सापडे, म्हणून ही योजना उत्तम होती. आता गोड पदार्थ प्रत्येक दुकानात, हाताच्या अंतरावर आहे. मेंदू मात्र अद्याप रानातलाच आहे. तेव्हा गोड खावेसे वाटणे हा काही दुर्गुण नव्हे. त्याबद्दल कोणी कोणाला हिणवू नये.

याचा अर्थ खावे तितके खावे, असाही नव्हे. साखर दातांना चिकटली, की तोंडातील सूक्ष्म जंतू तिचे आम्ल करतात आणि ते दातांचे कवच झिजविते. म्हणून दिवसभर थोडीथोडी गोळी चघळणे हे जेवणात एकदा गोड खाण्यापेक्षा अधिक वाईट. मधुमेहाचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. अनुवंश, वजन, बैठे जीवन अशी त्याची अनेक कारणे असतात. साखर खाल्ली आणि मधुमेह झाला, इतके ते सरळ नाही. काही मुलांना तर गोडाशी काही संबंध नसतानाही तो होतो. आणि साखरेऐवजी गूळ खाल्ला, तर चालते का? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गुळात थोडी खनिजे असतात, हे खरे. पण त्याचाही बहुतेक भाग साखरच.

जिलब्यांच्या फजितीनंतर मी दुसरी रीत धरली. पहिल्या आठवड्यात चमचे तीनच, पण शीग काढून सपाट केलेले. पुढे दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. नवीन मापाचे पहिले दोन दिवस चहा पाणचट लागे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जीभ तडजोड करी. मधे गणपती आले, तेव्हा मी मोदक खाल्ले, मोजून दोन. वहीत तसे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरलेल्या मापावर आलो. या वेळी नेम मोडला, असे मी म्हणालो नाही, म्हणून तो मोडला नाही. साधूला पंधरा दिवस पुरले. मला दोन महिने लागले. दोन महिन्यांनी एका घरी नेहमीचा गोड चहा पुढे आला, तो मला घोटाच्या पुढे जाईना. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातही असेच दिसले: तीन महिने साखर कमी खाणाऱ्यांना तेच पुडिंग इतरांपेक्षा अधिक गोड लागू लागले. मला त्याच्या कितीतरी आधी हे दुधाने शिकविले होते. बिनसाखरेचे दूध गोड असते, हे मला वयाच्या चाळिशीत समजले.

मग एका शनिवारी मी त्या मुलाला बोलावून वही त्याच्या हातात दिली. ‘साधूचे मला माहीत नाही,’ मी म्हणालो, ‘मी काय केले, ते यात आहे. वडिलांना दाखव. औषध आणि पथ्य मात्र डॉक्टर सांगतील तेच. माझ्या वहीवरून त्यात बदल करू नका.’ सात जिलब्यांचे पान फाडून टाकावे, असे क्षणभर मनात आले होते. पण ते राहू दिले.

पुढे महिनाभर वहीचे नाव नव्हते. मुलगा समोर आला की हसे आणि निघून जाई. मीही विचारले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी ती वही माझ्या मेजावर होती. मी सहज चाळली. माझी नोंद जेथे संपली होती, त्याच्या पुढच्या पानावर निळ्या शाईत, मोठ्या आणि थोड्या थरथरत्या अक्षरांत तारीख घातलेली होती. खाली लिहिले होते: ‘डॉक्टरांना विचारले. चहा आजपासून बिनसाखरेचा. सकाळी सात वाजता पेढ्याचा डबा दिसला. खाल्ला नाही. सव्वासातला पुन्हा दिसला. एक खाल्ला. मुलाला सांगितले.’