काळाकभिन्न सिद्दी आणि मी

पन्हाळगडावर जुलैत धुकं बसलं की चार-चार दिवस उठत नाही. कपडे वाळत नाहीत, कुणी फिरकत नाही. मग ट्रंकेतल्या नाथमाधव आणि हडपांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या बाहेर येतात. चाळीस वर्षं हेच चाललंय. त्यातून जे उमगलं ते असं.

१. आवडतं तर आवडतं म्हणावं. भुयार, वेषांतर, टापांचा आवाज... लग्न कुणाचं कुणाशी होणार हे दुसऱ्याच प्रकरणात कळतं, तरी दूध उतू जाईस्तोवर पुस्तक सुटत नाही. ‘इतिहासासाठी वाचते’ असं मी पाहुण्यांना सांगायचे. साफ खोटं.

२. रंगावरून खलनायक ओळखू आला की थांबावं. लहानपणच्या एका कादंबरीत पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर काळाकभिन्न, तांबारलेल्या डोळ्यांचा होता. त्यावरून मी अंगणात नाटक बसवलं आणि चुलतभावाच्या तोंडाला तव्याची काजळी फासली. घासून घासून त्याचे कान लाल झाले, तरी चार दिवस कानामागं काळं होतंच. पुढं कळलं, १६६० चा तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलालही आला होता. त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. शिवाजी महाराजांकडून लढलेले हे सिद्दी बापलेक माझ्या कादंबरीत एका ओळीलाही नव्हते. उलट इंग्रजांच्या राजापूरच्या वखारीचा गोरा हेन्री रेव्हिंग्टन जौहरच्या मदतीला तोफा घेऊन वेढ्यात आला होता. त्याचे डोळे कुणी तांबारले नाहीत.

३. नायिका बेशुद्ध पडली की पान उलटावं. खऱ्या महाराणी ताराबाईंनी तर याच गडावरून मराठी राज्याचा कारभार हाकला.

४. आपणही गोष्ट पसरवलेली असते. गडावरच्या सज्जाकोठीत उभं राहून संभाजीराजे आणि थोरातांच्या कमळेची प्रेमकहाणी मी किती पाहुण्यांना रंगवून सांगितली! भालजी पेंढारकरांनी १९४१ साली तिच्यावर सिनेमाही काढला होता. वा. सी. बेंद्र्यांनी अस्सल कागद धुंडाळून लिहिलेलं संभाजीराजांचं चरित्र १९६० चं. माझ्या हाती पडलं फार उशिरा, आणि कमळेची कहाणी कल्पित असल्याचं उमगलं. तेव्हापासून कोठीत गेले की गप्प बसते.

५. तरीही पुस्तकं रद्दीत घालू नयेत. परवा नातीनं एक उघडलं. त्याच वेढ्यात शिवा काशीद महाराजांचा वेष चढवतो आणि दीड पानात मरतो.

“आज्जी, याच्या घरी कोण कोण होतं गं? लिहिलंच नाही.”

“त्याचं नेबापूर गडाखालीच आहे,” म्हटलं. “धुकं उठू दे, जाऊन विचारू.”